बाईंच्या स्टुलाची गादी

घरात तिला टाचणी म्हणत, कारण अंगाने काडी आणि बोलायला टोचरी. पण कॉलेजचा नकार आला आणि या टाचणीची धारच गेली. केमिस्ट्रीच्या बाई दिसल्या की ही पसार! पुढचा जिना सोडून मागच्या जिन्याने ये-जा करू लागली, तर नेमक्या बाईही तिथेच भेटायच्या. एकदा घाईघाईत मुलग्यांच्या बाथरूममध्ये शिरली आणि तिथल्या आरडाओरड्याने बाहेर आली.

बाईंनी तिच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं होतं. नुसती सही ठोकून नव्हे. रविवारी शाळेत बोलावलं, समोर बसवलं, "तुला नक्की काय शिकायचंय गं?" असं खोदून खोदून विचारलं आणि मग लिहिलं. एवढं करून कॉलेजने हिला नाही म्हटलं. प्रवेश मिळालेली मुलं फुलं घेऊन बाईंना भेटून आली. हिने कुठल्या तोंडाने जायचं? आपण बाईंचा शब्द मातीत घातला, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिची आई सोफे आणि खुर्च्या मढवून द्यायची. बाई लॅबमध्ये लोखंडी उंच स्टुलावर बसत आणि उठताना "अगं आई गं" म्हणत कंबर धरत. म्हणून टाचणीने निकालाआधीच उरलेल्या निळ्या कापडाची गोल गादी शिवली होती, स्टुलाला बांधायच्या नाड्यांसकट. प्रवेश मिळाला की द्यायची, असा बेत. बाजारात तुरी, दुसरं काय! आता ती गादी पलंगाखाली धूळ खात होती.

खुर्ची मढवता मढवता आई कापड शोधायला वाकली, तेव्हा ती तिच्या हाती लागली.

"ही अजून इथेच?"

"कशी देऊ? प्रवेश कुठे मिळालाय?"

आईने दातांत धरलेले खिळे हातावर काढले. म्हणजे आता बोलणी खावी लागणार.

"तुला प्रवेश मिळाला नाही, म्हणून बाईंची कंबर दुखायची थांबली का?"

टाचणीने गादी झटकून दप्तरात घातली.

मधल्या सुट्टीत लॅब रिकामी असते. गादी बांधायची आणि धूम ठोकायची, तोंड दाखवायलाच नको, असं ठरवून ती गेली. गुडघ्यावर बसून नाड्या बांधत होती, तेवढ्यात आतल्या सामानाच्या खोलीत काच फुटली. पाठोपाठ आवाज आला, "अगं आई गं!"

धावत जाऊन बघते तो काय, कपाटामागे अंग चोरून बाई उभ्या! पायाशी फुटलेलं चंचुपात्र.

"बाई, तुम्ही लपलात?"

"तू येताना खिडकीतून दिसलीस," बाई ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, आता पोरगी जाब विचारणार."

"मी? तुम्हाला?"

"नाहीतर काय! तुझ्यासारखी मुलगी, आणि मला चार ओळी धड लिहिता आल्या नाहीत. माझंच पत्र कमी पडलं गं. तोंड चुकवायला मागच्या जिन्याने येते हल्ली, तर तू तिथेही हजर!"

ज्यांच्या नुसत्या भुवईने वर्ग चिडीचूप व्हायचा त्या बाई, आणि या काडीला घाबरून कपाटामागे! टाचणीला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं.

"मला वाटलं, मीच तुमचं नाव घालवलं."

"वेडाबाई!" म्हणत बाईंनी तिला जवळ ओढलं.

तिने बाईंना हाताला धरून स्टुलावर बसवलं. बाईंनी जरा सरकून पाहिलं, गादी चाचपली.

"बाई, कॉलेज मानो न मानो, तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलंत ते मी मानलंय. थँक्यू."

बाई चष्मा काढून पुसू लागल्या.

"प्रवेश मिळालेली सगळी येतात," त्या म्हणाल्या. "न मिळालेलं आजवर कुणी फिरकलं नाही. आणि मीसुद्धा कधी त्यांची चौकशी केली नाही. किती पोरं अशीच मागच्या जिन्याने निघून गेली असतील गं!"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुझं पत्र पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन. पण या रविवारी त्या प्रवेश न मिळालेल्या पोरांना फोन करायचे. येशील सोबत? एकटीने माझा धीर नाही व्हायचा."

"येते की," म्हणून टाचणीने खाली वाकून राहिलेली नाडी घट्ट बांधली.