नाचणारा घोडा

वीस वर्षं मी दूरदूरच्या मुलखांतल्या घोड्यांवर माहितीपट केले. आता नाशिकच्या वरातीच्या घोड्यांवर करायचा म्हणून सातपूरला बारकूकाकांकडे गेले. त्यांच्या घोडीवर निम्म्या सातपूरचे नवरदेव बसलेत. आपलं काम त्यांना कळावं म्हणून मी लॅपटॉपवर मंगोलियाची फिल्म लावली. तिच्यातला पांढरा घोडा देवस्थानासमोर पाय उचलून नाचतो. त्या नाचासाठीच मला पारितोषिक मिळालं होतं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “ताई, हा नाचत नाय. मागच्या डाव्या खुरात खडा अडकलाय त्याच्या.”

मला राग आला, तो माझाच. कारण त्या नाचानंतर घोड्याच्या म्हाताऱ्या मालकाने तो पाय मांडीवर घेऊन चाकूने काहीतरी काढलं होतं, आणि तो शॉट मी कंटाळवाणा म्हणून कापला होता.

“मग काढला का कुणी?” काकांनी काळजीने विचारलं.

मी मूळ चित्रीकरणातून तो शॉट शोधून लावला. म्हाताऱ्याने खडा भिरकावला, तेव्हा कुठे काकांनी श्वास सोडला.

“परत लावा,” ते म्हणाले आणि आत बायकोला हाक मारली, “अगं, बाहेर ये. मंगोलियात आपला एक माणूस हाय.”