दिवानियातला बिनकानाचा कप

मी एक जुना, बिनकानाचा कॉफीचा कप आहे, मित्रांनो. कान नसला तरी ऐकू चांगलं येतं. कुवेतमधल्या एका दिवानियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, माझी चाळीस वर्षं गेली. सोनेरी काठाची आम्ही बारा भावंडं होतो, आता चौघं उरलो.

इथली एक रीत आहे. मागणं घेऊन आलेला माणूस भरलेला कप पुढ्यात ठेवतो, तोंडाला लावत नाही. यजमान "पी" म्हणाला, की मागणं मान्य. थोरल्या मालकांचं 'पी' कधी फिरलं नाही. लोक म्हणायचे, हा कप म्हणजे पक्का कागद. मला केवढा अभिमान वाटायचा तेव्हा!

आता त्यांचा मुलगा फैहान खासदार आहे; धारीचा बाप म्हणून सगळे त्यांना अबू धारी म्हणतात. एका दुपारी गरीब देशांना पैसा देणाऱ्या सरकारी मदतनिधीतला इंजिनियर बरजस आला आणि मला गालिच्यावर ठेवून बसला.

"अबू धारी, सोमालियातला तो बाळंतपणाचा दवाखाना भिंतींपर्यंत आलाय, छप्पर तेवढं राहिलंय. होदान सुईण उघड्यावर बाळंतपणं करते हो. संसदेत मदतीच्या ठरावाला हात वर करा, बस."

"पी रे बाबा, पी."

बरजसनं मला एका घोटात रिकामं केलं आणि तिथूनच होदानला फोन लावला.

पण निवडणूक तोंडावर आली होती. रोज बैठकीत एकच विषय, परक्या देशाला आपला पैसा कशाला? म्हातारे अबू मुतलक म्हणायचे, "रस्त्यावरची खडी उडून माझ्या गाडीची काच तीनदा फुटली. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" दुसरा म्हणायचा, "आपल्यावर वेळ आली तेव्हा कोण धावलं होतं?" अबू धारी नुसते मान डोलवायचे.

ठरावाच्या दिवशी त्यांनी विरोधात हात वर केला. ठराव पडला. संध्याकाळी बैठकीत त्यांचं कौतुक चाललं होतं, तेवढ्यात बरजस आला.

"अबू धारी, तुम्ही 'पी' म्हणाला होतात."

"अरे, कॉफी गरम होती म्हणून म्हणालो!"

सगळी बैठक हसली. मला लाज वाटली. फुटून जावंसं वाटलं, पण आम्हाला आपण होऊन फुटता येत नाही. बरजसचा फोन वाजत होता. होदानचाच होता. त्यानं उचलला नाही.

मित्रांनो, माझं कोण ऐकतंय म्हणा, तरी सांगतो. कप फुटला तर नवा आणाल. दिलेला शब्द जपा, त्याच्या भरवशावर कुणीतरी उघड्यावर बसलेलं असतं.

बरजस अजून येतो. कॉफी ओतली की लगेच पितो आणि काही मागत नाही.