मागची दाढ

डॉक्टरांना मुलं दातबाई म्हणत. दातबाईंनी मुलीच्या तोंडात आरसा धरला आणि त्या थबकल्या. खालची मागची दाढ जागेवर नव्हती.

"काढली?"

"मग काय करणार?" वडील म्हणाले. "रात्रभर रडत होती. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, पाच मिनिटांत मोकळी. तुमच्यासारखे हेलपाटे नाहीत."

"ती कायमची दाढ होती. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो, पहिलीत असल्यापासून आहे ती तोंडात! पुढचे पडले तशी हीही पडली असती. दुधाच्या दाताचं एवढं काय?"

दातबाईंना हे नवीन नव्हतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. आणि तिच्या खाली दुसरी नसते.

"काढणाऱ्यानं विचारलं नाही?"

"विचारलं की. दुधाचीच आहे म्हटलं. बापाला एवढं कळत नाही होय?"

"मी म्हणत होते, आधी बाईंना फोन करू," आई दारातून म्हणाली.

"तू गप गं. पांढरा कोट दिसला की लागली मान डोलवायला."

मुलगी उठून बसली. "दातबाई, नवीन कधी येणार? बाबा म्हणाले, वाढदिवसापर्यंत."

वडिलांचा आवाज एकदम खाली आला. "येईल म्हणा ना. लहान आहे, विसरेल."

सुई टोचणार असेल तर टोचणार म्हणायचं, हा दातबाईंचा नियम. त्यावरच त्यांचं सगळं काम चालायचं. या मुलीनं तर पहिल्या दिवशी खुर्चीला हातही लावला नव्हता. आता ती आपणहून तोंड उघडायची. दुसऱ्या बाजूची दाढही किडायला लागली होती. ती अजून वाचण्यासारखी होती.

"नाही येणार, बाळा," त्या म्हणाल्या. "पण दुसरी आपण वाचवू."

मुलीनं जिभेनं खड्डा चाचपला.

"झालं समाधान?" वडिलांनी तिला खाली उतरवलं. "म्हणे मुलांच्या डॉक्टर!"

बाहेर चपला घालताना त्यांचा आवाज आत ऐकू आला. "येईल गं. बाई चिडल्यात माझ्यावर, म्हणून तसं बोलल्या."

"म्हणजे दातबाई खोटं बोलल्या?"

"हो."

"मग मी नाही येणार परत."