नि पहिली

कराच्या क्रमांकाचं पत्र हरवलं नव्हतं. बाबांनी त्याची स्टेन्सिल केली होती. सरकारी कागद जाड, करकरीत. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला तो नुसता ठेवून देणं जमतंय थोडंच? त्यांनी त्यातून 'वाहने उभी करू नयेत' कापून काढलं, आणि आमचा क्रमांक नेमका 'वाहने'मधून आरपार गेला.

हे सापडलं तेव्हा मी आणि आई पोट धरून हसलो. मग हसू विरलं. दुकानाचा परवाना महिनाअखेर संपत होता. नव्या परवान्याला ते पत्र हवंच, नाहीतर गाळा दुसऱ्याला जाणार. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ब्रश मीच धरते, पण परवाना त्यांच्या नावावर आहे. "हात गेला, नाव तरी राहू दे," ते म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं.

कर कचेरीत नक्कल प्रतीचा अर्ज चार नंबरच्या खिडकीवर मिळतो आणि दोन नंबरच्या खिडकीवर द्यायचा असतो. का, ते विचारू नये. दोन नंबरचा कारकून माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं बाबांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. मग जुन्या अर्जावरची सही संगणकावर उघडून पडदा आमच्याकडे वळवला.

"काका, अगदी अशीच करा इथे."

बाबांची जुनी सही. शेवटचं अक्षर ऐटीत लांब ओढलेलं आणि खाली एक टिंब. ती मी डोळे मिटून काढू शकते. आमच्या घरात अक्षर वळणदार आल्याशिवाय ताट वाढलं जायचं नाही.

"मी करू का?" मी विचारलं.

"ताई, ज्याची त्यानंच करायची. माझी नोकरी जाईल."

बाबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून कागदावर ठेवला. पेन चौकटीबाहेर घसरलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं केली, आणि पहिलीतल्या पोरानं काढावीत तशी चार अक्षरं उमटली. बाबा त्या अक्षरांकडे बघत बसले.

"जुळत नाही हो," कारकून म्हणाला.

"कशी जुळेल? हात गेलाय त्यांचा! डोळे आहेत ना तुम्हाला?" मी ओरडले.

"दिसतंय, ताई. पण आजाराचा रकानाच नाही अर्जात. सही येते किंवा येत नाही, दोनच. येत नसेल तर अंगठा."

त्यानं शाईचा डबा पुढे सरकवला. बाबांच्या तोंडात एकच शिवी होती: अंगठेबहाद्दर. दुसऱ्याच्या पाटीवर चुकीचा शब्द दिसला की ते ती शिवी हासडायचे आणि स्वतःची शिडी नेऊन फुकटात दुरुस्त करून यायचे. लोक वैतागायचे.

"बाबा, चला घरी," मी म्हटलं. "परवाना माझ्या नावावर काढू."

ते कारकुनाकडे वळले. "अंगठा दिला तर नाव माझंच राहील ना?"

"राहील की, काका."

बाबांनी डावा अंगठा शाईत दाबला. रंग धुवायच्या टर्पेंटाइननं अंगठ्यावरच्या रेषा कधीच्याच पुसल्या होत्या. कागदावर नुसता काळा डाग पडला. तेवढाही चालला.

आठवड्यानं पत्र घरी आलं. नाव बरोबर, क्रमांक बरोबर. खाली छापलं होतं: 'धारक नीरक्षर'. अंगठा घेतला की संगणक आपोआप छापतो म्हणे. मी पत्र पाठीमागे लपवलं, पण बाबांनी हात पुढे केला. मला द्यावं लागलं. ते बराच वेळ वाचत होते.

"नि पहिली," ते म्हणाले.

"काय?"

"निरक्षर. नि पहिली. यांनी दुसरी वेलांटी काढलीये."

"उद्याच जाते. असं भांडते की छापणाऱ्याला जन्मभर लक्षात राहील!"

"नको. निरक्षर माणूस वेलांटीवरून भांडतो होय?"

हे ते हसत म्हणाले असते तर मला चाललं असतं.

परवाना बाबांच्या नावावर झाला. तो घेऊन पोस्टमन दुकानात आला तेव्हा मी एका पाटीला लाल रंग देत होते आणि बाबा बाकावर बसले होते. पोस्टमन कित्येक वर्षांचा ओळखीचा. नेहमीसारखं त्यानं रजिस्टर उघडलं आणि पेन पुढे केलं.

"पेंटर, करा सही. कशीही करा, मला चालते."

बाबांनी पेनाकडे बघितलंच नाही. माझ्या हातातल्या ब्रशाला त्यांनी डावा अंगठा टेकवला आणि रजिस्टरवर स्वतःच्या नावापुढे दाबला.