खोगिराची गाठ

“नवरा खोगिराला गाठी मारून निरोप धाडतो, त्या शिकून घे गं. थंडीत तुझा तो फोनच आधी मान टाकतो,” सासूबाई बजावायच्या.

“कॉलेजात गाठींचा पेपर नव्हता, आई!” अर्यूना हसण्यावारी न्यायची.

आता सासूबाई नाहीत. अल्ताईच्या डोंगरातल्या हिमवादळात मेंढ्यांमागे गेलेल्या नवऱ्याचा, खुयागचा घोडा आज एकटाच दारी आला. खुयाग पडला असता तर लगाम लोंबत असता. इथे तो खोगिराला दुहेरी गाठीने नीट बांधलेला. म्हणजे घोडा त्यानेच घरी धाडलाय. पण ‘मी सुखरूप आहे’ म्हणून, की ‘माणसं पाठव’ म्हणून? तिला काही केल्या उमगेना. कडेवर तान्हं, निघायचं तरी कसं?

तुमच्यापैकी कुणी टेकडीपलीकडच्या हिवाळी गोठ्यावरून जाणार असाल, तर खुयाग तिथे आसऱ्याला थांबलाय का, तेवढं बघा हो.