दुसऱ्या रांगेतली मोकळी जागा

कुसुमबाईंनी माउसचं बटण दाबलं आणि पडद्यावरच्या मुख्याध्यापकांचं डोकं टोपीसकट नाहीसं झालं.

"अरे देवा! सुदर्शन, सर गेले!"

सुदर्शन दुकानाच्या कोपऱ्यात फ्लेक्सच्या गुंडाळ्या उभ्या करत होता. हातातलं काम न सोडता तो म्हणाला, "कंट्रोल आन् झेड दाबा, बाई. येतेत सर वापस."

बाईंनी दोन बोटांनी दोन कळा दाबल्या. सर टोपीसकट परत आले आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी पिशवीतून दुरेघी वही काढली, चष्मा सारखा केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : प्रश्न अकरावा. चुकलेलं किती वेळा मागे घेता येतं?

"लई वेळा येतंय," सुदर्शन म्हणाला. "पण फाईल बंद केली की खेळ खलास."

मुदखेडच्या स्टेशन रोडवरच्या या दुकानात बाई गेले चार दिवस रोज दुपारी येत होत्या. एकेकाळी तेराच्या पाढ्याला हमखास अडखळणारा, त्यासाठी बाईंच्या छड्या खाल्लेला हा सुदर्शन आता त्यांना शिकवत होता, आणि त्यात त्याला किती मजा येत होती हे काही तो लपवत नव्हता. "कालचं म्हणून दाखवा, बाई. सेव्ह म्हंजे काय, सेव्ह अ‍ॅज म्हंजे काय?" असं तो विचारायचा. बाई पाठ केल्यासारखं म्हणायच्या, "सेव्ह केलं की जुन्यावर नवं बसतं. सेव्ह अ‍ॅज केलं की जुनं जुन्या जागी राहतं आणि नवं वेगळं होतं." मग तो मान डोलवायचा आणि चहा सांगायचा.

रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत मेळावा होता. शहाण्णव सालच्या सातवीच्या वर्गाचा. दोन महिने मोबाइलवर नुसता धुमाकूळ चालला होता. कोण पुण्याहून येणार, कोण हैदराबादहून, जेवणात काय. शाळेच्या फाटकावर त्या वर्गाच्या जुन्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावायचा ठरलं, आणि बाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. फ्लेक्स मी बनवणार. सुदर्शनच्या दुकानात, पण माझ्या हातानं. वर्गाला वाटलं, बाईंना हौस आली.

हौस होतीच. चौसष्टाव्या वर्षी नवी गोष्ट हाताला लागली की माणूस पोरासारखं होतं, आणि बाईंचं तसं झालं होतं. पण खरं कारण पडद्यावर होतं. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी आणि चौथी मुलगी यांच्यात एक माणूस उभं राहील एवढी जागा मोकळी होती.

"इथं कोण होतं हो?" सुदर्शननं शेवटी विचारलंच. फोटोत तो स्वतः मागच्या रांगेत डोळे मिटून उभा होता.

बाईंनी वही मिटली.

"शिवकन्या. तिच्याकडे गणवेश नव्हता. सरांचा हुकूम होता, गणवेश नाही तर फोटोत नाही. मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, तू बाजूला हो. ओढूनच काढलं तिला. रांग जुळवून घ्यायचंही सुचलं नाही मला."

"मला तर याद बी न्हाई."

"मला आहे ना," बाई म्हणाल्या. "रडली नाही रे ती. रडली असती तर मी विसरले असते. मला तिला तिथं उभं करायचं आहे, रविवारच्या आत. ती येणार आहे."

अडचण एकच होती. उभं करायला शिवकन्या हवी ना! बाईंनी तिला धर्माबादला फोन लावला होता. तिथं तिच्या नवऱ्याचं, बसवराजचं, मिरची कांडपाचं मशीन होतं आणि फोनमध्ये त्याचाच आवाज जास्त होता. लहानपणचा एखादा फोटो आहे का गं तुझा, असं विचारल्यावर ती ओरडून म्हणाली होती, "कुठला बाई! एकच की. आपल्या शाळेतला!" बाईंनी फोन ठेवून दिला. आपण त्यात नाही, हे पोरीला आठवतच नसावं. किंवा आठवत असेल आणि टोमणा मारला असेल. दोन्हींपैकी कुठलं बरं, हे त्यांना ठरवता येईना.

"आन् दुसरी गोष्ट," सुदर्शन म्हणाला, "हा तुम्ही मोबाइलनं काढून आणलाय. मोठा केला की फुटतोय. बघा."

"प्रश्न बारावा. का फुटतो?"

"वरणात पाणी वाढवलं तर डाळ वाढती का? तसंच हे. फ्रेममधून कागद काढून आणा. स्कॅन करू."

घरी बाईंच्या यजमानांनी, माधवरावांनी, पकड घेऊन फ्रेम पालथी घातली. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना अशी कामं फार प्रिय होती. "निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात," एकेक खिळा काढत ते म्हणाले, "आमच्या हिनं माउस धरला." बाईंनी लक्ष दिलं नाही. पाठीचा पुठ्ठा निघाला, काच निघाली, फोटोभोवतीची करड्या पुठ्ठ्याची चौकट निघाली. चौकटीखाली फोटो एका कडेला तीन बोटं जास्त होता. तेवढी पट्टी इतकी वर्षं झाकलेली होती, म्हणून तिचे रंग अगदी ताजे होते.

त्या पट्टीत शाळेचा हापसा होता. आणि हापशाचा दांडा दोन्ही हातांनी धरून पिवळ्या झग्यातली एक मुलगी उभी होती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि मग मोठ्यांदा, "अहो, ती आहे! ती फोटोत आहे!"

"कोण?"

उत्तर द्यायला बाई थांबल्या नाहीत. फोटो वहीत घातला आणि भर दोनच्या उन्हात स्टेशन रोडला लागल्या. दुकानात पोचल्यावर सुदर्शनच्या लक्षात आलं की एका पायात त्यांची चप्पल होती आणि एका पायात माधवरावांची.

स्कॅनरचा उजेड काचेखालून सरकत गेला आणि पडद्यावर फोटो हळूहळू उतरला. बाईंनी झूम केलं, आणखी केलं. या वेळी फोटो फुटला नाही. दोन वेण्या, लाल रिबिनी, सरळ कॅमेऱ्यात रोखलेली नजर. किती आशेनं बघत होती पोर, बाईंना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. पण आतून त्यांना असा काही आनंद झाला होता की डोळे पुसतानाही त्या हसत होत्या.

"आता शिकव," त्या म्हणाल्या. "माणूस उचलून दुसरीकडे कसं ठेवतात?"

शुक्रवारची अख्खी सकाळ त्यांनी शिवकन्येच्या कडेकडेनं माउस फिरवण्यात घालवली. कानाजवळ माउस घसरला की कंट्रोल झेड. वेणी कापली गेली की कंट्रोल झेड. बारा वाजता ती हापशापासून सुटली, वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवरच्या वेगळ्या थरावर, आली आणि बाईंनी तिला अलगद मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. पुढच्या रांगेतल्या मुलांच्या डोक्यांवर आलेले तिचे दांडा धरलेले हात पुसून टाकले. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग जेवायला जायचं म्हणून त्यांनी फाईल बंद केली. एक चौकोन समोर आला, बदल सेव्ह करायचे का? आता कशाला बदल, एवढं चांगलं जमलंय, असा विचार करून बाईंनी 'नो' दाबलं.

सुदर्शन जेवून परत आला तेव्हा फाईल पुन्हा उघडून त्या खुर्चीत सुन्न बसल्या होत्या. दुसऱ्या रांगेत जागा तशीच मोकळी होती.

"हे आमच्याकडं सगळेच करतेत एकदा," तो हळू आवाजात म्हणाला. शाळेत त्याचं गणित चुकलं की बाई असं कधी बोलल्या नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी चहा त्यानं दोनदा सांगितला.

वहीत एकोणिसावा प्रश्न गेला आणि बाई पुन्हा कामाला लागल्या. सकाळी चार तास लागले होते, आता दीड पुरला. दर पाच मिनिटांनी सेव्ह. मूळ फोटो वेगळा, 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये. शनिवारी त्यांनी पिवळ्या झग्याला रंग दिला. वर पांढरा, खाली निळा. शिवकन्या गणवेशात आली. एकच मुलगी दोनदा दिसायला नको म्हणून कडेची पट्टी क्रॉप करून टाकली. आता ती त्या रांगेत नव्हती असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

"प्रिंटला लावू?" सुदर्शननं विचारलं.

"थांब जरा. मला बघू दे."

त्या बघतच होत्या, तेवढ्यात दारातून आवाज आला. "सुदर्शन्या, हाय का रे दुकानात? बाई इथं हायेत म्हणं!"

शिवकन्या दुपारच्या गाडीनं एक दिवस आधीच माहेरी आली होती. चाळिशी ओलांडलेली, ठसठशीत, पदराला मिरचीचा वास. ती वाकून बाईंच्या पाया पडली. बाईंनी लगेच पडद्याकडे बोट केलं. आपलाच निकाल लागायचा असल्यासारखं त्यांना झालं होतं.

शिवकन्या खुर्ची ओढून बसली. "अगोबाई! ही उज्वला. हा नरसिंग. आन् हे डोळे मिटलेलं ध्यान तू!" तिचं बोट रांगेवरून सरकत दुसऱ्या ओळीत आलं आणि थांबलं.

"ही कोण हो बाई?"

"तू."

"मी?" ती पुढे वाकली. "न्हाई. मी हापशापशी होते." तिनं पडद्याच्या कडेला बोट नेलं, खाली, वर, पुन्हा खाली. "हापसा कुठं गेला?"

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं. "तू फोटोत आहेस हे?"

"मंग! इचारून उभी ऱ्हायले होते की." शिवकन्येनं पदर खोचला. "तुम्ही बाजूला काढलंत. दंड लई दुखला, खरं सांगते. रागबी लई आला. मंग मी त्या फोटोवाल्यापाशी गेले. म्हणलं, काका, फोटोत कुठवर येतंय? त्यानं डोळा लावून बघितलं न् म्हणला, हापशापस्तोर. मंग जाऊन दांडा धरला. म्हणलं, आता काढा!"

सुदर्शन फिसकन हसला आणि बाईंकडे बघून त्यानं हसू दाबलं.

"कॉपी न्हाई मिळाली मला," ती सांगत राहिली. "पण लेकरायला सांगत आले, माझा बी फोटो हाय शाळेतला. आज पयल्यांदा बघून राहिले. आन् तुम्ही मला गणवेश घालून बसलात! तो पिवळा झगा मावशीनं शिवला होता. त्याच्यासाठीच तर उभी ऱ्हायले होते."

बाईंनी माउस हातात घेतला. सुदर्शनला काही विचारलं नाही, वही उघडली नाही. 'मूळ' नावाचं फोल्डर उघडलं, फोटो उघडला आणि कडेला नेऊन मोठा केला. पिवळा झगा. लाल रिबिनी. दांड्यावर दोन्ही मुठी गच्च. आशा कसली, बाईंना आता नीट दिसलं, ती पोर सगळ्या शाळेला आव्हान देत उभी होती.

"हीच की मी!" शिवकन्या ओरडली. तिनं मोबाइल काढून पडद्याचाच फोटो घेतला, मग आणखी एक. "बघ रे सुदर्शन्या, कशी उभी हाय बघ!"

"मी चुकले गं," बाई म्हणाल्या. "तेव्हाही, आणि आता पुन्हा."

शिवकन्येनं बाईंचा माउसवरचा हात एकदा दाबला आणि पुन्हा फोटोकडे बघत बसली.

बाईंनी दोन दिवस खपून केलेली फाईल निवडली आणि डिलीटची कळ दाबली. चौकोन आला. नक्की का?

"बाई, ऱ्हाऊ द्या की," सुदर्शन घाईनं म्हणाला. "मेहनत हाय तुमची. पडून ऱ्हाईल एका बाजूला."

बाईंनी 'यस' दाबलं. कंट्रोल आणि झेडकडे त्यांचा हात गेला नाही.

सुदर्शन मशीनकडे वळला. फाटकाचं माप त्याच्या वहीत होतं, पण मूळ फोटो त्यात बसणार नव्हता. मोकळी जागा तशीच दिसणार ते वेगळंच, पण हापशाच्या पट्टीनं रुंदी वाढली होती. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापलं तर जमण्यासारखं होतं. त्यानं टेप उलगडला.

"केवढा काढू, बाई?"

आयुष्यभर पोरांची बोली सुधारत आलेल्या कुसुमबाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "हापशापस्तोर."