वहीत न आलेले तीन फूट

मी एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. माझ्या कडा कुरतडल्या आहेत, पाठीला चिकटपट्टी आहे. पण मित्रांनो, माझ्या दिसण्यावर जाऊ नका. एकेकाळी माझ्यावाचून मिस्त्रींच्या कामावर एक वीटही येत नसे.

मला मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, विकत आणले. प्रत्येक घराला त्यांनी माझे एकेक पान दिले. सिमेंट किती गोण्या, वाळू, खडी, विटा, सळया किती, सगळे रकाने पट्टीने आखलेले. मिस्त्री कामावरून आले की हातपाय धुण्याआधीच काकू विचारायच्या, "अहो, आज काय बदललं?"

कुठे खिडकी मोठी झालेली असे, कुठे भिंत सरकलेली. काकू जुन्या आकड्यावर एकच रेघ मारत, शेजारी नवा आकडा आणि तारीख लिहीत. खोडरबर त्यांना चालत नसे. दुकानदार म्हणायचा, "बाई, तुमच्या वहीत आणि माझ्या ट्रकमध्ये एका विटेचा फरक सापडत नाही." तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचे. थोडा गर्वच होता मला.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने गेल्या. निघताना मला मिस्त्रींच्या हातात देत म्हणाल्या, "रोजचं रोज लिहा हं."

"अगं, डोक्यात असतं माझ्या सगळं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मला कपाटावर ठेवले.

तेव्हा एका शिंप्याचे घर चालू होते. त्याची म्हातारी आई चाकांच्या खुर्चीत असे. एके दिवशी शिंपी म्हणाला, "मिस्त्री, मागची खोली तीन फूट वाढवता का? पलंग ठेवला की आईची खुर्ची वळत नाही." मिस्त्रींनी लगेच होकार दिला. माणूस मनाने मोठा. भिंत तीन फूट पुढे गेली, पण माझ्या पानावर ती होती तिथेच राहिली. पुढे सळया कमी पडल्या, तेव्हा तरी मला उघडायला हवे होते. पण मागच्या कामाचे उरलेले तुकडे होते, त्यात भागले.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी मला घाईघाईने खाली काढले आणि दुकानदाराला आकडा वाचून दाखवला. चाळीस गोण्या. माझाच आकडा तो, जुना. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाजूने काँक्रीट पडत गेले आणि नेमक्या त्या तीन फुटांपाशी सिमेंट संपले. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी भरला, पण नव्या-जुन्याचा सांधा काही एकजीव झाला नाही.

पावसाळ्यात तिथून पाणी ठिबकू लागले. दोनदा लेप देऊनही ओल हटेना. तोवर काकू परतल्या होत्या. मला पिशवीत घालून त्या मिस्त्रींबरोबर तिथे गेल्या. त्या तीन फुटांत बादली ठेवलेली होती आणि पलंग अलीकडे सरकवला होता. त्यामुळे म्हातारीची खुर्ची पुन्हा वळत नव्हती.

मिस्त्रींची मान वर होईना. म्हातारीच म्हणाली, "जाऊ दे रे बाबा. आधीच्या घरात तरी कुठे वळत होती?"

घरी आल्यावर त्या दिवशी काकूंनी काही विचारले नाही. मिस्त्रींनीच पेन्सिल मागितली. शिंप्याचे पान उघडून त्यांनी चाळीसवर रेघ मारली, शेजारी पंचेचाळीस लिहिले आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरांत तारीख घातली. भिंत सरकली त्या दिवसाची.

आता त्यांच्याकडे नवी वही आहे आणि तिच्यात ते स्वतः रोज लिहितात. मला त्यांनी जवळच ठेवले आहे, शिंप्याच्या पानात खूण घालून. चूक त्यांची होती, पण आकडा माझ्या पोटातला होता, हे मला विसरता येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वही असेल. आज जे बदलले, ते तिला आजच सांगा. तिला स्वतःहून विचारता येत नाही.